कोपराखालची गिटार

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दुकानात येणाऱ्या त्या जुनी वाद्यं जमवणाऱ्या गृहस्थांचा निरोप आला. चौदा तारखेला ते आईची गिटार बघायला येणार आहेत. माझा जीव टांगणीला लागलाय. आमच्या मालकांनी फर्निचर पॉलिशचा कारखाना बंद करायचं नक्की केलंय. महिनाअखेरपर्यंत पैसे दिले तर मागची शेड मला देऊ म्हणालेत, नाहीतर ती शेजारच्या गोदामवाल्याला जाईल. म्हणजे गिटार विकली गेली तर माझा स्वतःचा धंदा, नाहीतर या वयात कुणाच्या तरी हाताखाली पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आईला विचारलं. ती म्हणाली, घेऊन जा, मला आता कुठे कार्यक्रम करायचेत. तिचं वाजवणं सुटू नये म्हणून मी आधीच एक नवी गिटार आणून ठेवली आहे. काय चकाकते म्हणून सांगू. काल आईकडून दोन्ही वाजवून घेतल्या आणि भिंतीकडे तोंड करून ऐकल्या. मला तरी काही फरक कळला नाही. मला कान नुसते चष्मा अडकवायला दिलेत असं तू म्हणतेस ते ठाऊक आहे. पण मग एकीला एवढी किंमत का आणि दुसरीला का नाही? जरा समजावून लिही. तेवढा लोभ धाकट्या भावावर असू दे.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कानांचं मी गमतीने म्हणते, मनावर घेऊ नकोस. तू लाकडातला माणूस, तेव्हा तुझ्याच भाषेत सांगते. दोन्ही गिटारींच्या मधल्या गोल भोकाची कड निरखून बघ. नवीच्या कडेला प्लायवूडचे थर दिसतील. आईच्या गिटारीच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरलेल्या दिसतील, म्हणजे ती अख्खी फळी आहे. प्लाय पहिल्या दिवशी वाजतो तसाच शेवटपर्यंत वाजतो. अख्खी फळी वाजवून वाजवून मोकळी होत जाते. आईने हॉटेलच्या वाद्यवृंदात काढलेली सगळी वर्षं त्या फळीत मुरली आहेत. जाड तार छेड आणि हात काढून घे. नवीचा आवाज खोलीत येईल आणि संपेल. जुनीचा रेंगाळेल. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या रेंगाळण्याचे.

मी सांगितलेल्या आकड्याच्या खाली उतरू नकोस. आणि तिला पॉलिशचा हात चुकूनसुद्धा लावू नकोस, तुझे हात शिवशिवत असतील तरी.

एकच विचारते. आई खरंच राजी आहे ना? ‘घेऊन जा’ म्हणाली हे ठीक, पण म्हणताना ती काय करत होती? आईला नमस्कार सांग आणि तुझ्या तब्येतीला जप.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. (विनंती करण्यासारखं विशेष काही उरलेलं नाही.)

तू पाठवलेल्या गृहस्थांसमोर काल माझी चांगलीच शोभा झाली. आले, बसले, छोटा आरसा आत घालून गिटार तपासली, खूष झाले. ते स्वतः वाजवत नाहीत, नुसते ऐकतात. म्हणून आईला वाजवायला सांगितलं. तिने आधी नवी वाजवली, मग तीच धून जुनीवर. ताई, जुनी अशी वाजली की कुणी जाड पांघरुणाखालून बोलतंय. एवढं मलासुद्धा कळलं, आता बोल. त्यांनी पुन्हा वाजवून घेतली, पुन्हा तेच. म्हणाले, आतून काहीतरी गेलंय, आता ही भिंतीवर टांगायची वस्तू. आणि नव्या गिटारीची असते तेवढी किंमत बोलून निघून गेले.

आईने काही कसूर केली नाही. बिचारी गिटार पोटाशी घट्ट धरून, कोपरापर्यंतचा हात फळीवर दाबून, वाकून वाजवत होती. नवी मात्र मांडीवर सैल ठेवून सहज वाजवली. ती राजी आहे का म्हणून विचारलंस. ‘घेऊन जा’ म्हणताना ती त्याच गिटारीची गवसणी शिवत होती. राजी नसती तर शिवली असती का?

लहानपणापासून तू माझ्या डोक्यात भरवलंस की आईकडे हिरा आहे. त्या हिऱ्याच्या जोरावर मी मालकांना शब्द देऊन बसलो. या पत्राला उत्तर आलं नाही तरी चालेल.

धाकटा


२० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

धाकट्याचं पत्र आलं. तू जुनी गिटार कशी धरली होतीस ते त्याने भाबडेपणाने लिहिलंय. गिटारीची पाठ पोटाशी दाबायची नाही, फळीवर हात टाकायचा नाही, आवाज कोंडतो, हे मला तूच शिकवलंस, तेही मनगटावर चापट मारून. ही चूक तुझ्या हातून होणार नाही. तू तिला मुद्दाम मुकी केलीस.

द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतंस. तो दोन दिवस फुगून बसला असता आणि मग तुझ्याच मागे मागे फिरला असता. आता त्याच्या हातची शेड चाललीय आणि मी त्याच्या लेखी थापाडी ठरलेय. मी त्याला काही लिहिणार नाही. काय करायचं ते तू ठरव, पण दिवस थोडे आहेत. रागाने लिहीत नाहीये गं. मला तुमच्या दोघांच्या घराची काळजी वाटते. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई


२५ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

खोटं काय बोलू, तू बरोबर ओळखलंस. पण नाही कशी म्हणू? इतकी वर्षं त्याने मला काही कमी पडू दिलं नाही. औषधाची बाटली संपायच्या आत दुसरी आणून ठेवतो. त्याने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. नाही म्हणायला जीभ रेटेना आणि द्यायला मन होईना. मग मी त्या गिटारीचाच गळा दाबला. वाजवताना मला तिच्यापुढेच लाज वाटत होती.

पण आता तो घरात तुझं नावही काढत नाही. तुम्हा भावंडांत माझ्यापायी वितुष्ट यावं एवढी ती गिटार मोठी नाही. आज मीच त्याला म्हटलं, तारा जुन्या होत्या, बदलते, त्या गृहस्थांना पुन्हा बोलाव. ते परवा येताहेत. त्याला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. कळलं तर तो शेड घेणार नाही, मी ओळखते त्याला. तू वेळेवर जेवत जा.

आई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाक आणि मला माफ कर. गिटार विकली गेली, तू सांगितलेल्या आकड्याच्याही वर. शेडची किल्ली कालच हातात आली.

आईने नव्या तारा चढवल्या होत्या. धून तीच, पण या वेळी गिटार अंगापासून सुटी आणि कोपर उचललेलं. खोली भरून गेली. गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते आणि मी आईच्या कोपराकडे बघत होतो. मागच्या खेपेला काय झालं ते मला तिथेच कळलं. ती का द्यायला तयार नव्हती, हेही कळलं. धून संपेपर्यंत मला नको म्हणायला वेळ होता. त्यांनी पैसे काढले तेव्हाही होता. ताई, मी म्हणालो नाही. ते निघाले तेव्हा मी पुढे होऊन त्यांच्यासाठी दार उघडं धरलं.

आईला वाटतं मला काही कळलेलं नाही. तूही तिला तसंच वाटू दे. ती रोज संध्याकाळी नवी गिटार घेऊन बसते आणि छान वाजते ना म्हणून विचारते. मी हो म्हणतो. ती तार छेडते, आवाज खोलीत येतो आणि संपतो. मग आम्ही दोघं थोडा वेळ एकमेकांकडे बघत नाही.

जमलं तर या भावावर पूर्वीइतकाच लोभ ठेव.

तुझा,
धाकटा