तीन कंपायलर आणि सासूबाईंचा उंबरठा

३ जून, सकाळी ७
संकल्प: आजपासून पुराचा अंदाज एकाच कंपायलरच्या भरवशावर काढायचा नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझ्या कोडचा चालता प्रोग्राम बांधून देणारे असे तीन टाकलेत. जुना, मधला, नवा. एका कमांडने बदलतो, गिअर टाकावा तसा. तिघांचं एकमत झालं तरच आकडा फळ्यावर. अशी शिस्त अख्ख्या पाराग्वेत कुणाला नाही.

३ जून, दुपार
तिन्हींवर ६.४२ मीटर. शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. सासूबाई खालच्या वस्तीत नदीकाठी एकट्या राहतात, त्यांचा उंबरठा ६.८०. लगेच फोन केला. म्हटलं, कपाटाला हातसुद्धा लावू नका, मी बसलोय इथे. ‘बरं’ म्हणून लगेच फोन ठेवला. भारावल्या असाव्यात.

४ जून
शेजारच्या टेबलावरची मिर्ना तेरेरेचा, आमच्या थंड काढ्याचा, पेला पुढे करत म्हणाली, विल्फ्रिदो, तिघं इतके तंतोतंत? अरे, सख्ख्या भावांचं एवढं जुळत नाही, शेवटच्या अंकात तरी फरक पडतोच. जळते. पेला रिकामा करून परत दिला.

५ जून, सकाळ
मिर्ना पुन्हा. जुना काढून टाकून दाखव, म्हणे, हिंमत असेल तर. हिंमत काढल्यावर गप्प कोण बसणार? उडवला. नवा निवडला. तर प्रोग्राम बांधलाच जाईना, जुना कुठाय म्हणतो.
कारण सापडलं. प्रोग्राम बांधायच्या फाइलीत जुन्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला. २००९ साली, माझ्याच हाताने. कमांडने कुणालाही निवडा, काम जुन्याकडेच जायचं. म्हणजे तीनदा विचारलं, तीनदा तेच बोलला. याला सचोटी म्हणतात.

५ जून, दुपार
पत्ता खोडला. नव्यावर पूर ४१९ मीटर. मी मिर्नाला म्हटलं, बघ तुझा नवा.
तिने कोड वाचला. गेल्या महिन्यात मी जोडलेल्या उपनदीच्या पाण्याचा आकडा भरायचाच राहिला होता. जुना तिथे गुपचूप शून्य धरायचा, नवा मेमरीत पडलेला कचरा उचलतो. आकडा भरला. नवा ७.३१, मधला ७.३०. मिर्नाने उठून फळ्यावरचा ६.४२ पुसला. ते जास्त लागलं.
सासूबाई फोन उचलत नाहीत.

५ जून, संध्याकाळ
घाबरलो. खरंच घाबरलो. गुडघाभर पाण्यातून गेलो. घरात कपाट नाही, कोंबड्या नाहीत, दारसुद्धा बिजागऱ्यांतून काढून नेलेलं.
सासूबाई वर चर्चजवळ बहिणीकडे चिपा, म्हणजे चीजचा पाव, खात बसलेल्या. जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, जावईबापू, सोमवारी तुमचा फोन ठेवला आणि आधी गाडा बोलावला. तुम्ही छातीठोक बोललात की मी सामान बांधायला घेते. शेजारच्या चार घरांना सांगितलं, तीही लगोलग निघाली.
म्हणजे माझ्या अंदाजामुळे पाच घरं वेळेत हलली. हे फळ्यावर लिहायला हरकत नाही.