सहावी जुडी

धुळे,
७ मे १९८९

प्रिय पितांबर,

तुझी रेशमा मजेत आहे. मामाकडचं जेवण मानवलंय. फ्रेंचचे उच्चार मात्र अजून धरणगावचेच, अगदी तुझ्यासारखे. येत्या रविवारी पुण्याची शिष्यवृत्ती परीक्षा. ती निवडली जाईल असं मला मनापासून वाटतं.

काल माझ्याकडची शिकवणी संपल्यावर तिने शब्दांच्या चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन एकेक मोजली. रोजच मोजते. कशाला गं, विचारलं तर म्हणाली, "बाबांनी बजावलंय, मावशी. त्यांच्या परीक्षेच्या वेळी त्यांच्या हातून एक जुडी हरवली ना! आजी अजून चिडवते, 'तुना बाप यष्टीमा अक्कल इसरी उना.'" ती हसली. मला हसता आलं नाही.

आपण जळगावला कॉलेजात असताना तुझे आबा जिनिंगमधून कापसाच्या वजनाच्या जुन्या पावत्या आणायचे. कोऱ्या बाजूवर आपण एक इंग्रजी शब्द लिहायचो, खाली त्याचे फ्रेंच अर्थ. 'टाइम'चे तीन निघाले: काळ तो 'तां', घड्याळातली वेळ ती 'अर', आणि खेप म्हणजे 'फ्वा'. 'नो' म्हणजे जाणणं, त्याचे दोन: गोष्ट माहीत असणं 'सावुआर', माणूस ओळखणं 'कोनेत्र'. तू म्हणालास, एवढ्याशा शब्दात इंग्रजांनी किती जणांना कोंबलंय, आपल्या भुसावळ पॅसेंजरसारखं. मग दाभणाने भोक पाडून सुतळीत ओवायचं. सहा जुड्या झाल्या. सहावी अशा अनेक अर्थांच्या शब्दांची, सगळ्यांत जाड.

पुण्याच्या याच शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या तोंडावर आबा आजारी पडले, तू गावी गेलास, आणि जुड्यांचं पुडकं मी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलं. तू स्टँडवर उशिरा पोहोचलास. पुडकं सुटून बाकावर पडलं होतं, आत पाचच जुड्या. परीक्षेत नेमके तेच शब्द आले. दोन गुणांनी तू राहिलास. तुझं पत्र अजून माझ्याकडे आहे: "कुंदा, तुझ्या मेहनतीची जुडी मी हरवली. माफ कर." मी उत्तर दिलं, "असू दे." वर्षभरात तू जिनिंगला लागलास, तुझं लग्नही झालं.

मी रोज दैनंदिनी लिहिते, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवसाचं पान आज काढलं. "पितांबरला पुडकं पाठवलं." एवढंच. त्यात किती जुड्या होत्या ते लिहिलेलं नाही. इतर दिवशी मी भाजीसुद्धा लिहिते.

सहावी जुडी मी पुडक्यात घातलीच नव्हती. तुझी जागा मला नको होती, मी अर्जसुद्धा केला नव्हता. तू पुण्याला जाऊ नयेस, एवढंच वाटत होतं. यामागे प्रेम होतं, असं आत्ता लिहून पाहिलं आणि खोडलं. तुझी माफी बावीस वर्षं मी ठेवून घेतली, ते कशात बसतं? गुरुवारी रेशमा घरी येईल. तिच्या पिशवीत ती जुडी असेल, कागदात बांधलेली. तिला मी काही बोललेले नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. तिला एवढंच सांग, की रोज मोजायची गरज नाही. तिच्या बापाच्या हातून काहीच हरवलं नव्हतं.

तुझीच, हे मात्र खोडलेलं नाही,
कुंदा