औषध नव्हे, मुन्झिरचं

सैदा, २४ एप्रिल

प्रिय मुन्झिरभाऊ,

सलाम. तू आणि पोरं खुशाल असाल. इथे आम्ही आज बरे आहोत. ‘आज’ हा शब्द आधी लिहिला नव्हता, मग घातला. राहू दे.

नारंगीची फुलं यंदा उशिरा आली, पण आली ती एकदम. गल्लीभर वास आहे. अर्क काढायचं तांब्याचं भांडं मी घासून ठेवलं. आईने ते पुन्हा घासलं. म्हणाली, “कॉलेजात भांडी घासायला शिकवत नाहीत वाटतं.” म्हणजे तब्येत सुधारते आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आई माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली असते, आणि मी स्वयंपाकघरात गेले तरी तिचे कान माझ्या मागे येतात. हे पत्र अबू राजी घेऊन येतील. तुझ्याकडून औषधांच्या बॅगा आणणारा माणूस पहिल्यांदाच इथून काहीतरी नेतो आहे. “एवढंच? मुरांबा नाही, झातरचा मसाला नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “एवढंच. पण दुमडू नका.”

आता लिहायला हवं.

गेल्या वर्षीच्या रमझानपासून आईचं हृदय नीट ताल धरत नाही. मधेच धावतं, मधेच अडखळतं. गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली आहे, ती जन्मभर घ्यायची. हे तुला सांगायचं नाही अशी आईची ताकीद होती. “तो एकटा, परक्या देशात. रात्री झोपेल का?” मी गप्प बसले. ते बरोबर होतं का, याचा विचार मी अजूनही करते.

शरदात तू तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे तिथल्या डॉक्टरला दाखवलेस. ‘आई आणखी काय काय घेते?’ असं त्याने विचारलं होतं, हे तूच मला सांगितलंस. तू फोनवर आईला विचारलंस तेव्हा मी शेजारीच होते. आई म्हणाली, “प्रेशरची एक. बाकी मी घोड्यासारखी आहे.” डॉक्टरने गुडघ्यांची गोळी लिहून दिली, तू पाठवलीस. तुझी चूक नाही. हे वाक्य पुढे पुन्हा येईल, कारण तू ते एकदा वाचून सोडून देशील.

मी तुझ्या गोळ्यांबद्दल आईला विचारलं होतं. ती म्हणाली, “पोटाला जड जातात, ठेवून दिल्या.” मी मान डोलावली. तरी मनाची खात्री म्हणून हिवाळ्यात तिला सिहामच्या फार्मसीत नेलं. (सिहाम, माझ्या वर्गातली, तिच्या वेण्या तू ओढायचास.) आता ती प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला लावते. एकमेकांशी न पटणारी औषधं कोणती, ते कॉम्प्युटरवर ताडून बघते. इकडे एका डॉक्टरचं दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि अर्धी औषधं कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून आलेली.

“सगळी पिशवी उलटी कर, खाला,” सिहाम म्हणाली.

“ही काय कस्टमवाली आहे?” आई मला म्हणाली, पण पिशवी उलटी केली.

“आणखी काही? दुखण्यावरची गोळी, काढा, शेजारणीने दिलेलं काही?”

“शेजारीण मला साखर उसनी देत नाही, गोळ्या कुठल्या देते!”

सगळी फार्मसी हसली. सिहामने तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे. मी समाधानाने घरी आले.

फुलांच्या पहिल्या आठवड्यात आई परातीपुढे बसून पाकळ्या निवडत होती. उठली आणि भिंतीला धरून खाली बसली. ओठ पांढरे. मग कळलं की कितीतरी दिवस तिला शौचाला काळं होत होतं आणि तिने ते बीट खाण्यावर ढकललं होतं. पोटात रक्तस्राव होता. इस्पितळात रक्त चढवावं लागलं. तिथली नर्स तिला ‘उम्म मुन्झिर’, मुन्झिरची आई, म्हणायला लागली, आपली गल्ली म्हणते तशी, आणि दर पाळीला नवी नर्स विचारायची, “मग मुन्झिर कुठेय?”

शुद्धीवर आल्यावर आईने मला जवळ बोलावलं. “कपाटात बिस्किटांचा निळा डबा आहे, तेवढा आण. आजची राहिलीय.”

डब्यात तुझा शाळेतला स्वेटर होता आणि त्याच्या घडीत तुझ्या गोळ्या. बरीच पाकिटं रिकामी. ती रोज सकाळी कॉफीबरोबर एक घेत होती, आणि रिकामी पाकिटंही तिने टाकली नव्हती.

मी भडकले. इस्पितळात भडकले, भाऊ. “सिहामने विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारते आहे. “तिने औषधं विचारली,” ती म्हणाली. “हे औषध थोडंच आहे? हे मुन्झिरचं आहे.”

सिहामने नंतर मला समजावलं. तुझी गोळी गुडघ्यांना चांगलीच आहे, पण पोटाच्या अस्तराला ओरखडते. एरवी तो ओरखडा भरून येतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचं रक्त मात्र थांबत नाही. तुझ्या डॉक्टरने विचारलं होतं, सिहामनेही विचारलं होतं, दोघांनाही अर्धंच उत्तर मिळालं. तुझी चूक नाही.

आईने मला कुराणावर हात ठेवायला लावला. तुला सांगायचं नाही. “कळलं तर तो पाठवणं थांबवेल. मग अबू राजी आपल्या दारात कशाला येतील?” मी हात ठेवला. आज ती शपथ मोडते आहे. देवापुढे काय सांगायचं ते बघेन.

तरीही कदाचित लिहिलं नसतं. पण परवाच्या शुक्रवारी तू नेहमीप्रमाणे विचारलंस, “माझ्या गोळ्या घेतेस ना, आई?” आई म्हणाली, “हे काय, तुझ्यासमोर घेते.” आणि ती तोंडात काहीतरी पांढरं टाकून वर पाणी प्यायली. तू म्हणालास, “शाबास!” ती पेपरमिंटची गोळी होती, भाऊ. ती तिने आधीपासून मुठीत धरून ठेवली होती. फोन मी धरला होता, आणि तू म्हणालास, “हनादी, चित्र नीट दिसत नाहीये.”

मग तिने तुला नेहमीसारखं म्हटलं, “तूच मला माती दे रे राजा.” आपल्या सगळ्या आया लाडाने हेच म्हणतात. आजवर मी कधी त्याचा अर्थ ऐकला नव्हता.

बाबा गेले तेव्हा तुझे कागद झाले नव्हते. आता झालेत. तू एकदा म्हणालास, कबरीपुढे काय तोंड घेऊन उभा राहू. पण आई कबरीत नाही. ती आत्ता बाल्कनीत पाकळ्या निवडते आहे, आणि खाली कुणाची टॅक्सी थांबली की वाकून बघते. मी विचारलं तर म्हणते, ऊन किती आलंय ते बघत होते.

निळा डबा मी घासून पुसून तिच्या कपाटात परत ठेवला आहे. आत फक्त स्वेटर आहे. ती रोज उघडते, आणि मी बघितलं नाही असं दाखवते.

तू बॅग भरायला लागशील, मला माहीत आहे. भरू नकोस. गोळ्या नको, मलम नको, पोरांनी काढलेली चित्रंसुद्धा पुढच्या खेपेला. आपल्याकडे कुणी कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहत नाही. तू येऊन तसाच उभा राहा.

तुझी धाकटी,
उम्म मुन्झिरची मुलगी हनादी