टाके किती पडतीन?

अकोला, ६ जानेवारी २०२५

आदरणीय आत्यास,
नीलिमाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुले ऐकू येत नाही, नुसती ‘काय? काय?’ करतेस, म्हणून कागद घेतला. माझं लेन्स बसवायचं शिक्षण संपत आलं. प्लास्टिकच्या डोळ्यात झटकन बसवते, पण जितं माणूस समोर आलं की बोटं थरथरतात. वीस तारखेला परीक्षा आहे, आणि माणूस ज्याचं त्यानंच आणायचं. नापास झाले तर कारंज्याला दुलीचंदकाकांच्या चष्म्याच्या दुकानातली नोकरी गेली. मग आहेच मेडशी आणि तुरी सोंगणं.

तुझ्या सतीशले पाठव ना. एवढे दंड फुगवत फिरते, एक पापणी उचलू दिली तरी पुरे.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायचा असला तर लाडू पाठव.
तुझी नीलिमा

मेडशी, ११ जानेवारी

चि. नीलिमास,
आत्याचा जयभीम आन् पोटभर आशीर्वाद.

तू लेन्स बसवून राह्यली, हे म्या साऱ्या गल्लीत सांगतलं. शेजारची देवला म्हणे, मोतीबिंदू काढून तिले लेन्स बसवली तवा आठ दिवस डोक्यावरून पाणी घेऊ देल्लं नाही. आपल्या पोरीले एवढं जमते! मले तं रडूच आलं.

सतीशले इचारलं तं त्याले एकदम वावरात काम निघालं. मोठा पयलवान! सुई पाह्यली का खाटेखाली. म्हणून मीच येतो, डोकं धुऊनच येतो. बोटं थरथरू देऊ नको, माय. काही झालंच, तं मी कोणाले तुहं नाव सांगणार नाही.

लोभ कमी केला तं कान पिळीन.
तुही आत्या चंपाबाई

अकोला, २१ जानेवारी

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम.

पास झाले गं! एक तारखेपासून कारंज्याला कामावर. तू पापणीसुद्धा हलवली नाहीस, म्हणून माझीही बोटं थांबली. पण काय गं तमाशा! सरांनी कसं वाटते विचारलं, तर तूच त्यांना विचारलंस की टाके किती पडतीन. सारा वर्ग हसला, मीही हसले.

तू एसटीत बसून गेलीस आणि मग माझ्या ध्यानात आलं. ही कॉन्टॅक्ट लेन्स नुसती बोटानं बुबुळावर ठेवायची असते, हे तुले ठाऊकच नव्हतं. तुझे डोळे तर धडधाकट आहेत. तरी तू कापून घ्यायला आली होतीस? मले फार रडू आलं, आत्या. भीती नाही वाटली?

उत्तर लवकर टाक, नाहीतर मीच येऊन भांडेन.
तुझी नीलिमा

मेडशी, २७ जानेवारी

चि. नीलिमास,
जयभीम, आशीर्वाद.

टाके पडले नाहीत हे देवलाले अजून सांगतलं नाही. ती रोज शिरा आणून राह्यली, तू मधात तोंड घालू नको.

आन् भेव कसं नाही वाटणार? पण घरूनच ठरवून आलती. उजव्या डोळ्यानं मी सुईत दोरा ओवतो, म्हणून तुले डावा देल्ला.

तुही आत्या चंपाबाई