सम्यक आई कुणाला म्हणतो

हैदराबाद

प्रिय ताई,

जय भीम. मी मजेत आहे. हॉस्टेलची आंबट डाळही आता आवडायला लागलीय.

तू मोबाइलवर पाठवलेलं माझ्या सम्यकचं बोलणं काल भाषाविज्ञानाच्या वर्गात ऐकवलं. त्यात तो तुला "आई" म्हणतो. सर खूश झाले. म्हणाले, "या वयात मुलं एकच शब्द सगळ्यांना लावतात."

मी मान डोलावली. पण ताई, तो सगळ्यांना म्हणतो, की फक्त तुलाच? फोनवर विचारायचा धीर झाला नाही.

त्याला टोकू नकोस. म्हणजे, हळूच सांगून बघ. नको, राहू दे. मला काहीच कळेनासं झालंय.

त्याचा खोकला कसा आहे? द्वारका चौकातल्या गाड्यांच्या धुरात त्याला नेऊ नकोस. आणि त्यानं "आई" अशी हाक मारली, की ओ मात्र देत जा.

तुझी धाकटी,
करुणा