आधी शब्द, मग रंग

प्रिय बबिते,

फोन केला की वैष्णवी तुझ्या कानाला कान लावून बसलेली असते, म्हणून लिहितेय. वाचून झालं की हे उंच कुठंतरी ठेव. पोरगी समोर दिसेल ते वाचते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मागच्या आठवड्यात रजेवर आले, तेव्हा मी धड जेवले नाही. तू विचारलंस, "आक्का, काय झालं गं?" मी म्हटलं, घाटातल्या वळणांनी पोट ढवळलं. ते खरं नव्हतं. वडवणीच्या स्टँडवर वैष्णवी पळत आली, माझ्या कमरेला बिलगली आणि म्हणाली, "मावशी, आलीस का तू!" लगेच जीभ चावून "आई, आई" म्हणाली आणि हसली. तूही हसलीस. तिचं हसू मी विसरले, तुझं नाही.

कंडक्टरची नोकरी लागली आणि आगार मिळालं थेट कोकणात. पहाटेच्या फेऱ्या, मुक्कामी गाड्या. ह्यांचा ट्रक आज गुजरातेत तर उद्या कर्नाटकात. पहिलीत जाणारं लेकरू कुठं ठेवायचं? तू आपणहून म्हणालीस, "माझ्याकडं ठेव." शेजारची तुळजाबाई तेव्हा म्हणाली होती, "बरं झालं, बबिताच्या घरात लेकरू आलं." मलाही बरं वाटलं होतं. आता तेच बोलणं आठवलं की वाटतं, तुझ्या घरात आलं म्हणजे माझ्या घरातून गेलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शाळेत राजनंदिनी मॅडमनी मुलांचा खेळ घेतला होता, आठवतंय? वाचनावर त्यांचा काही अभ्यास चालू होता. कागदावर "लाल" असं लिहिलेलं, पण हिरव्या शाईनं. "पिवळा" लिहिलेलं निळ्यानं. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. चौथीतली वाचणारी पोरं अडखळत होती, आणि आपली वैष्णवी न थांबता हिरवा, निळा, लाल म्हणत सुटली होती. मी दारात उभी राहून किती फुगले होते. परत गेल्यावर आगारात पेढे वाटले. पोरीला अजून वाचताच येत नाही, त्या अक्षरांचा तिला अडसरच नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ह्या रजेत मी तिथं असतानाच त्यांनी तोच खेळ पुन्हा घेतला. मी मुद्दाम पुढं जाऊन बसले. आता ती तिसरीत. हिरव्या शाईतला "लाल" आला आणि ती "लाल" म्हणाली. चुकलं हे तिलाच कळलं. मग थांबली, मान वाकडी केली, "हिरवा" म्हणाली. पुढच्यावर पुन्हा तेच. शेवटी रडवेली होऊन माझ्याकडं बघत म्हणाली, "आई, शब्दच आधी दिसायलाय गं."

बबिते, खरं सांगते, मला पहिल्यांदा आनंद झाला. वाटलं, बघ, बबिताकडं राहून पोर मागं पडली. आता न्यायला कारण मिळालं. मी तावातावानं मॅडमना म्हटलं, "पहिलीत तर पटापटा सांगत होती, आता काय झालं हिला?" मॅडम म्हणाल्या, "आता ती वाचते, ताई. वाचन इतकं पक्कं झालंय की तिनं नको म्हटलं तरी डोळे वाचतात. जे रोजच्या सरावाचं असतं ते आधी तोंडात येतं. अजून मोठी झाली की आलेला शब्द मागं सारायलाही शिकेल. कुणी शिकवलं हिला? घरी बरंच वाचून घेतलेलं दिसतंय."

तू मशीनवर ब्लाऊज शिवतेस आणि ती शेजारी बसून जुना पेपर मोठ्यानं वाचते. ती अडली की तुझे पाय थांबतात, तिला शब्द सापडला की मशीन पुन्हा सुरू होतं. बाजारात खताच्या गोणीवरची नावं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, सगळं तू तिच्याकडून वाचून घेतलंस. त्या दिवशी घरी जाताना तिनं एसटीची पाटी माझ्या आधी वाचली, आणि पाट्या बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. तिनं पहिला शब्द कोणता वाचला, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. तुला येईल. मॅडमना मी म्हटलं, "मावशीनं." तो एक शब्द काढायला मला फार जड गेलं.

त्या बाई शाईबद्दल बोलत होत्या आणि मी "मावशी, आलीस का तू" हेच ऐकत होते. तिची माया आटलेली नाही, एवढं मला कळलं. दोन वर्षं तिच्या तोंडात दिवसभर तूच होतीस, मी फोनपुरती. चूक तिची नाही, तुझीही नाही. तरी राग तुझाच येतो, त्याला मी काय करू?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. माझी माजलगाव आगाराला बदली झाली आहे. ही बातमी घेऊनच मी आले होते, पण तू तिच्या केसांना तेल लावत होतीस आणि माझ्यानं बोलवलं नाही. परीक्षा संपली की मी वैष्णवीला न्यायला येईन. तू म्हणशील, माजलगाव काही लांब नाही, सुट्टीला पाठवत जा. पाठवीन, पण लगेच नाही. पावसाळाभर तरी तिला माझ्याजवळच राहू दे, आणि फोनही कमी कर. मी फार मागतेय, तुझ्या घरात मागं काय उरेल तेही मला दिसतंय, तरी मागतेय. आणि ज्या दिवशी मी येईन, त्या दिवशी तू उमापूरला आईकडं जा. तू समोर असलीस तर ती निघताना कुणाकडं बघेल, ते मला बघायचं नाही.

तुझीच,
दीपाक्का