निळी वायर आणि ढोलवाल्याचं पोट

चिरंजीव धाकटीला थोरल्या ताईचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या यजमानांचा खोकला आणि तुझ्या शेजारणीची जीभ, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही बरे आहोत. (बरे नाही म्हटलं तर तू येऊन राहशील.) अक्षराचं आणि माझं जन्माचं वावडं, तेव्हा मी बोलते आहे आणि थोरली सून दुकानातल्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर टिपून घेते आहे. म्हणून या पत्रात सुनेबद्दल सगळं गोडच सापडेल. खरं ते फोनवर.

तर आमच्या शिवणाच्या दुकानात मापांची वही जाऊन फाईल आली. ती मागच्या खोलीत, इस्त्रीशेजारच्या फळीवर, एका काळ्या खोक्यात राहते. खोक्याला सर्व्हर म्हणतात. जावयांनी बसवला. काउंटरवरून सून आणि कटिंगच्या टेबलावरून माझा धाकटा मुलगा, दोघंही तीच फाईल उघडतात. पण एकाने लिहायला घेतली की सर्व्हर तिला कुलूप घालतो आणि कुलपाचा मालक कोण ते ध्यानात ठेवतो. मालकाने सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. (आपल्या माहेरच्या न्हाणीघरासारखं. फरक इतकाच, की तिथे आत कोण ते गाण्यावरून कळायचं.) मालक उठून गेला, तर दोन मिनिटांनी काउंटरचा कॉम्प्युटर आपणहून कुलूप सोडतो, अशीही सोय आहे.

मंगळवारी बँडवाल्यांचे बावीस कोट सहाला द्यायचे होते. एकवीस टांगून तयार. बाविसावा मोठ्या ढोलवाल्याचा, तो कापायचाच होता, कारण त्या गृहस्थाचं पोट महिनाभरात चार इंच पुढे सरकलं होतं. सुनेने नवं माप फाईलमध्ये लिहिलं आणि ती फोन इथेच विसरून बटणं आणायला गेली. तेवढ्यात कोणीतरी काउंटरला सर्व्हरशी जोडणारी निळी वायर उपटली. कोणी, ते कळलेलं नाही. मेल्याचे हात झडोत, असं मीच सर्वांत मोठ्याने म्हणाले.

आता वायरच नाही, तर काउंटर सर्व्हरला सांगणार कसं, की बाबा, सोडलं कुलूप? आणि सर्व्हरला कळेना, की मालक मेला की रुसला. तो बसला वाट बघत. काउंटरवर बघावं तर सुनेचा पासवर्ड. पाच वाजले. जावई फोनवर म्हणाले, खोकं बंद करून चालू करा. पण झोपेतून उठल्यावर ते आधी दीड मिनिट जुन्या मालकांना हाक मारतं, की या, आपापलं कुलूप पुन्हा सांगा; तोवर नव्याला काही मिळायचं नाही. (खोकं आहे, पण रीत आहे हो त्याला.) धाकटा घड्याळ धरून बसला. ऐंशी सेकंद झाले आणि काय सांगू, वायर कशी कोण जाणे पुन्हा जागेवर आली, काउंटर म्हणाला कुलूप माझं, आणि सर्व्हरने दिलं! धाकट्याने कपाळाला हात लावला, हातात खडू, कपाळभर पांढरी रेघ. धीर सुटला त्याचा. जुन्या मापाने कात्री चालवली. दोन मिनिटांत कुलूप आपोआप सुटलं. बैल गेला आणि झोपा केला.

सहाला ढोलवाला आला. बटण आणि काज यांच्यात चार बोटं उजेड. मी म्हटलं, बाबा, ढोल अडकव बघू. अडकवला. पोट, फट, सगळं ढोलामागे. ढोल उतरवायचा नाही, एवढीच अट.

पण थोरला मुलगा भडकला आहे. वायर उपटणाऱ्याने पुन्हा काउंटरपाशी बसायचं नाही, म्हणाला. रविवारी जावई चौकशीला येणार. धाकटे, माझी खुर्ची चाळीस वर्षं तिथेच आहे. वरच्या खोलीत बसून मी कोणाची पोटं बघू?

तुझी ताई

ता. क. मूळ काम राहिलंच. रविवारी जावयांचा फोन आला तर सांग, मंगळवारी दुपारभर ताई माझ्याशी बोलत होती. झालं असं, की कापडाच्या नमुन्यांचा गठ्ठा बांधायला दोरी मिळेना, आणि ती निळी वायर कशी मऊ, हवी तेवढी लांब. नंतर मनाला लागलं म्हणून खोचली परत. माझं मेलीचं मन आणखी दहा सेकंद थांबतं तर काय बिघडलं असतं!

ता. क. दुसरा. टाइप करणारे हात थांबले. लिहिणारी कोण, ते बोलण्याच्या भरात विसरलेच. ती माझ्याकडे बघते आहे, मी तिच्या केसांकडे. बटणं आणायला गेलेली बाई बटणांशिवाय आणि केस कापून आली, हे मी अजून कोणाला बोललेले नाही. हात पुन्हा सुरू झाले. सून गुणाची आहे.

ता. क. तिसरा. आतून धाकटा ओरडतो आहे, "वहिनी, मापांची फाईल कोणी धरून ठेवलीय?" सून म्हणते, नवी फाईल कोण उघडणार, म्हणून तिने तुझं पत्र तिच्यातच लिहिलं, ढोलवाल्याच्या पोटाखाली! आता छापून झालं की पुसणार आहे, पण छपाईचं यंत्र अजून तापतं आहे, आणि दोन मिनिटं हात थांबले तर कुलूप सुटून धाकट्याला सगळं वाचायला मिळेल. म्हणते, आई, बोलत राहा, काहीही बोला. तर, काय बरं म्हणत होते? हां. तुझे गुडघे कसे आहेत? आणि यजमानांचा खोकला?